कोमट पाणी

धर्माजी सकपाळांची ओळख करून द्यायची तर त्यांच्या उजव्या हातापासून सुरुवात करावी लागते. हाटकेशच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, स्टीलची भांडी पॉलिश करणाऱ्या कारखान्याला लागून त्यांचं गॅरेज होतं. बाहेर पाटी नव्हती. नवं गिऱ्हाईक पत्ता विचारायचं ते ‘हात लावून सांगणारा मिस्त्री कुठे बसतो’ असं. गाडी आली की धर्माजी बॉनेट उघडायला लावायचे, रेडिएटरच्या वरच्या रबरी पाइपाला पंजा टेकवायचे, मग खालच्या पाइपाला, मग इंजिनाच्या डोक्याला, आणि हात पुसत सांगायचे की पंप गेलाय. किंवा गॅस्केट गेलंय. किंवा काही झालेलं नाही, उगाच आलात, चहा घ्या आणि जा. बहुतेक वेळा ते बरोबर निघायचं. नाही निघालं तर कबूल करायला जरा वेळ लावायचे, पण करायचे.

मूळचे पोलादपूरकडचे. लहानपणीच मामाबरोबर मुंबईत आले आणि लालबागच्या एका गॅरेजात काळ्यापिवळ्या टॅक्सींखाली लोळत धंदा शिकले. तिथल्या उस्तादाला मीटर, थर्मामीटर असल्या वस्तूंचा राग होता. आई पोराच्या कपाळाला हात लावते तेव्हा तिच्याजवळ कुठे काचेची नळी असते, असं त्याचं म्हणणं. धर्माजींनी ते म्हणणं जन्मभर सांभाळलं. पुढे लालबागच्या त्या जागी टॉवर उभा राहिला, गॅरेज गेलं, उस्ताद तर त्याआधीच गेला होता. मग बाकी सगळे आले तसे हेही इकडे आले. भाईंदर पश्चिमेला एक खोली घेतली आणि हाटकेशला गाळा.

मी त्यांना ओळखायला लागले तेव्हा ते साठीला टेकले होते आणि दमले होते. नवीन गाड्यांमध्ये कॉम्प्युटर आले होते. नवीन गाडीवाले सरळ हायवेवरच्या मोठ्या वर्कशॉपात जायचे, जिथे काचेच्या खोलीत बसवून कॉफी देतात. धर्माजींकडे उरले होते ते जुने टेम्पो, काही टॅक्सीवाले आणि माझ्यासारखे काचेच्या खोलीत बसण्याइतका धीर नसलेले लोक.

मी जेसल पार्कला राहते. विमा ऑफिसातून निवृत्त झाले, दादरची जागा सोडली आणि इकडे आले. एक छोटी गाडी घेतली आणि ती स्वतः चालवते. बिल्डिंगमधल्या लोकांना या वयात ते धोक्याचं वाटतं. वाटू दे. रिक्षावाल्यांशी रोज भांडण्यापेक्षा ते बरं.

धर्माजींची बायको गिरिजा माझ्याकडे पोळ्यांना येते. तिच्याचमुळे मी गाडी त्यांच्याकडे नेऊ लागले. गिरिजा कमी बोलते, पण कणीक मळताना तिचं तोंड सुटतं. धर्माजींना साखर होती आणि ते डॉक्टरकडे जात नव्हते, हा तिचा कायमचा विषय. गोळ्या आणून ठेवल्या तर खिशात घालून तशाच परत आणायचे. एकदा चिखलात चप्पल पायातून निघाली ती घरी पोचेपर्यंत त्यांना कळलं नाही. गिरिजा सांगताना हसली नाही. मी मात्र हसले. विसरभोळेपणा वाटला मला.

ती म्हणायची, गॅरेज बंद करून गावाला चला म्हटलं की त्यांचं एकच उत्तर, हात चालतोय तोवर इथं. हात थांबला की तू म्हणशील तिथं. गावाला भावाच्या दारात जाऊन बसायचं, दुसऱ्याच्या घरचा चहा प्यायचा, हे त्यांना मरणाहून वाईट वाटायचं. ‘त्यांचा सगळा जीव त्या पंज्यात हाय काकू,’ असं ती म्हणाली होती. मी ते तेव्हा सोडून दिलं, कारण पोळी करपत होती.

ही गोष्ट दोन हजार सहाच्या आसपासची. थंडीत माझ्या गाडीचा पाण्याचा पंप गेला. धर्माजींनी तो उघडून दाखवला, आत लाल गंज. कारण मीच. आमच्याकडे पालिकेचं पाणी एक दिवसाआड, म्हणून वॉचमनला रेडिएटरमध्ये बोरिंगचं पाणी भरायला सांगितलं होतं. भाईंदरच्या बोरिंगचं पाणी म्हणजे खाडीच. धर्माजी मला रागावले. चूक माझी असल्याने ऐकून घेतलं.

पंप बदलताना त्यांनी आणखी एक गोष्ट केली. इंजिन आणि रेडिएटर यांच्यामध्ये एक लहानशी पितळी झडप असते, थर्मोस्टॅट. इंजिन गार असेपर्यंत ती मिटलेली राहते आणि पाणी आतच फिरतं. इंजिन तापलं की उघडते. धर्माजींनी ती काढली आणि रंगाच्या एका जुन्या डब्यात टाकली. विचारलं तर म्हणाले, ही थंड मुलखातल्या लोकांसाठी. मुंबईच्या उकाड्यात कशाला पाहिजे? अडकली तर इंजिन उकळतं. टॅक्सीतून आम्ही पहिल्यांदा हीच काढायचो. डबा अर्ध्याहून जास्त भरलेला होता. म्हणजे हाटकेश आणि मीरा रोडवरच्या किती गाड्या त्या झडपेविना धावत होत्या, देव जाणे. मला ते पटलं. उकाड्याबद्दल कुणी काही बोललं की मला पटतं.

त्यानंतर महिन्याभरात गाडीची तब्येत बिघडली. पेट्रोल पंपावर माझ्या फेऱ्या वाढल्या, तिथला माणूस ‘फिर आ गये आंटी’ म्हणायला लागला. मागून काळा धूर. गाडीत पेट्रोलचा वास. इंजिन बंद करून पुन्हा चालू करायला गेलं की दोनदा खोकायची. आणि तापमानाचा काटा, जो पूर्वी मधोमध असायचा, तो खालीच लोळत राहिलेला.

गाडी घेऊन गेले. धर्माजींनी मला गोल्डन नेस्टच्या चौकापर्यंत जाऊन यायला सांगितलं. आले, बॉनेट उघडलं. त्यांनी वरच्या पाइपाला पंजा लावला आणि लावून ठेवला. पूर्वी ते टेकवून लगेच काढायचे. अलीकडे असा धरून ठेवायचे. शेजारच्या पॉलिशच्या कारखान्यातले लोक बघत उभे राहायचे, मिस्त्रीचा हात म्हणजे लोखंड झालाय म्हणायचे. धर्माजींना ते आवडायचं. चहाचा ग्लासही ते तसाच धरायचे, अख्ख्या मुठीत. आम्ही बाकीचे काठाला दोन बोटं लावून फुंकत बसायचो.

पाइप सोडून ते म्हणाले, इंजिन गरम आहे आणि काटा थंड दाखवतोय, म्हणजे सेन्सर गेला. मग मला समजावून सांगितलं. या गाडीत पाण्याच्या वाटेवर एक बोटाएवढा सेन्सर असतो. पाणी किती तापलं ते तो काट्यालाही सांगतो आणि कॉम्प्युटरलाही. तो गेला की इंजिन तापलेलं असलं तरी थंडच म्हणत राहतो. कॉम्प्युटरला वाटतं, गाडी सकाळची गारठलेली आहे, तो पेट्रोल वाढवत बसतो. धूर, वास, खोकला, सगळं त्यातूनच. त्यांचं सांगणं अगदी सरळ होतं. कॉम्प्युटरला नावं ठेवणारा माणूस त्याचं वागणं इतकं नीट सांगतो, याची मला गंमतही वाटली.

समोरच्याच लाइनीत जितेशचं स्पेअर पार्टचं दुकान होतं. जितेश कच्छी, चाळिशीतला, तोंडात सुपारी आणि स्वभाव चेष्टेखोर. त्याच्याकडून नवा सेन्सर आणला, बसवला. मी गाडी घेऊन घरी गेले. काटा खालीच.

पुन्हा गेले. धर्माजींनी पुन्हा पाइप धरला. गरमच. मग सेन्सर डुप्लिकेट असणार, असं ठरलं. जितेशला बोलावलं. तो आला, सेन्सर उलटासुलटा पाहिला आणि म्हणाला, ‘धर्माभाई, सेन्सर मैं घर में नहीं बनाता. कंपनी का डब्बा आपके सामने फोडा था.’ तरी त्याने दुसरा दिला. तोही बसवला. काटा तिथेच. या खेपेला धर्माजी दुकानाच्या पायरीवर उभे राहून त्याला चार लोकांदेखत खोटारडा म्हणाले. जितेशची सुपारी चघळायची थांबली. ‘ठीक छे,’ एवढंच तो म्हणाला आणि आत गेला. इतकी वर्षं समोरासमोर बसणारी माणसं, त्या दिवसापासून बोलेनाशी झाली.

मला या सगळ्याचा कंटाळा आला होता. सुटा भाग बदलून बघायचा, नाही जमलं की दुसरा बदलायचा, ही पद्धत मला ऑफिसातही सहन होत नसे. हायवेवरच्या वर्कशॉपात गाडी टाकावी असं दोनदा मनात आलं. टाकली नाही, कारण एका सकाळी गिरिजा पोळी लाटताना मध्येच थांबली. म्हणाली, तुमच्या गाडीपायी ते नीट जेवत नाहीत. कुणीतरी इस्टेटमध्ये बोललं, मिस्त्रीचा हात आता नव्या गाडीवर चालत नाही. तेव्हापासून घरात गप्प असतात. ‘ह्या गाडीचं नाय सापडलं तर गाळा सोडतो म्हनाले, काकू,’ गिरिजा म्हणाली आणि पुढची पोळी घेतली. तिच्याकडे बघून मला कळेना, त्यांनी गाळा सोडावा असं तिला हवंय की नको. बहुतेक तिलाही कळत नसावं.

मार्च आला. मिठागरांकडून येणारा वारा दुपारी भाजल्यासारखा लागतो त्या दिवसांत, आणि गाळ्याचा पत्रा वरून तापतो. धर्माजींनी सेन्सरपासून कॉम्प्युटरपर्यंतची वायर तपासली. इंच न इंच. एका टॅक्सीवाल्याने कधीकाळी भेट दिलेला, वीज तपासायचा मीटर त्यासाठी कपाटातून निघाला, त्यावर धुळीचा थर. वायर ठीक निघाली. ते खुर्चीवर बसले, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, आता एकच उरलं. सेन्सर काढून गरम पाण्यात टाकून बघायचा. पाणी तापेल तसा सेन्सरचा विजेला होणारा अडथळा कमी होतो, म्हणजे मीटरचा आकडा खाली यायला पाहिजे. नाही आला तर जितेशची गचांडी धरतो.

शेजारच्या कारखान्यातून एक टोप आणला, पॉलिश न झालेला, काळपट. शिवा म्हणून एक चहावाला त्या लाइनीच्या टोकाला टपरी लावायचा, त्याच्याकडे पाणी तापवायला दिला. धर्माजींनी सेन्सर काढून मीटरच्या दोन वायरी त्याला जोडल्या. गार असताना आकडा अडीच हजाराच्या वर होता. तो बरोबर आहे म्हणाले. जरा खूश झाले. मी स्टुलावर बसून वारा घेत होते.

शिवा पाणी घेऊन आला. टोप त्याने फडक्यात धरला होता, दोन्ही बाजूंनी, आणि पावलं भराभर टाकत होता. धर्माजींनी त्याच्या हातातून तो नुसत्या हातांनी घेतला आणि बाकावर ठेवला. शिवा फडकं हातात धरून तिथेच उभा राहिला. धर्माजींनी दोन बोटं पाण्यात घालून पाहिली, कोमट आहे म्हणाले, आणि सेन्सर आत सोडला.

मीटरचा आकडा घसरायला लागला. हजार. सातशे. चारशे. तीनशेच्याही खाली जाऊन थांबला. धर्माजी आकड्याकडे बघतच राहिले. तीनशे म्हणजे उकळायला आलेलं पाणी, ते म्हणाले. हे तर कोमट आहे. म्हणजे हा सेन्सर वेडा आहे. तापलेल्या इंजिनात थंड म्हणतो आणि कोमट पाण्यात उकळलं म्हणतो. असा उलटसुलट खोटं बोलणारा सेन्सर त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. कंपनीच्या डब्यातून आलेला पहिला सेन्सरही मग पाण्यात टाकला. त्याचा आकडाही तितकाच उतरला.

डोक्यावर पंखा होता, वाफ उभी राहत नव्हती, आणि सगळ्यांचे डोळे मीटरवर होते. टोप बाकाच्या कडेला आला होता, पडेल म्हणून मी तो आत सरकवायला हात लावला. चटका असा बसला की स्टूल मागे कोलमडलं.

‘हे कोमट नाही, धर्माजी,’ मी म्हटलं.

‘कोमट हाय, मॅडम. आत्ता बोटं घातली मी.’

‘मग पुन्हा घाला.’

त्यांनी घातली. चारी बोटं, मधल्या पेरापर्यंत. माझ्याकडे बघत ती पाण्यात तशीच ठेवली. त्यांच्या चेहऱ्यावर काहीही उमटलं नाही. मी बोटांकडे बघत होते. ती लाल होत चालली होती. शिवाने पुढे होऊन त्यांचं मनगट धरलं आणि हात बाहेर ओढला.

कारखान्यातला पॉलिशचा पट्टा किंचाळत होता. धर्माजींनी बोटं डोळ्यांसमोर धरली आणि पाहिली, पाना बघावा तशी. मग डावा हात पाण्यात घातला. तोही तसाच. शेवटी त्यांनी बाही वर केली, वाकले, आणि कोपराच्या आतली बाजू टोपाला टेकवली. ती मात्र त्यांनी झटकन मागे घेतली.

मग ते खुर्चीवर बसले.

मी शिवाला गार पाणी आणायला पाठवलं. बोटं गार पाण्यात बुडवून धर्माजी बसले होते आणि मी त्यांच्यावर तडकले होते. हे किती दिवस चाललंय, मी विचारलं.

‘कमी झालंय ते कळत होतं,’ ते म्हणाले. ‘गेलंय ते न्हवतं कळत.’

मग हळूहळू बोलले. सगळंच एकसारखं लागायला लागलं होतं. मुंग्या येतात, रात्रंदिवस धग असते, त्यात बाहेरचं काय आणि आतलं काय ते समजत नाही. इंजिन चालू आहे म्हणजे पाइप गरमच असणार, म्हणून गरम म्हणायचो. पाण्याला वाफ दिसली नाही म्हणून कोमट म्हणालो. चूक निघत नव्हती, कारण इतक्या वर्षांत धूर बघून, आवाज ऐकून अर्धं आधीच कळलेलं असायचं. हात नुसता लावायचा. लोक बघतात म्हणून लावायचा. किती दिवस, ते त्यांनाही सांगता येईना.

मी म्हटलं, हात दाखवायला डॉक्टर आहेत, त्याचं नंतर बोलू. आधी माझ्या गाडीचं सांगा. कठोर वाटेल कुणाला, पण तिथे रडत बसून काय होणार होतं? त्यांनाही ते बरं वाटलं असावं, कारण ते लगेच उठले. गाडीचा मूळचा सेन्सर परत बसवला, पाणी भरलं, आणि आम्ही काशिमिऱ्याच्या नाक्यापर्यंत गाडी फिरवून आणली. मी चालवत होते, ते बाजूला काट्याकडे बघत होते. काटा खालीच. परत आल्यावर बॉनेट उघडलं आणि ते बाजूला सरकून उभे राहिले.

‘हात लावा, मॅडम.’

मी घाबरत लावला. तापलेल्या इंजिनाचा तो पाइप क्षणभरही धरवू नये. माझ्या हातात तो आरामात राहिला. न्हाणीतल्या पाण्याइतका गरम, जास्त नाही.

‘धरवतोय?’ त्यांनी विचारलं.

‘धरवतोय.’

त्यांनी मान हलवली. पुढचं त्यांना सांगावं लागलं नाही. इंजिन खरंच गार होतं, काटा खरं बोलत होता, तिन्ही सेन्सर खरे होते, आणि जितेशही. इंजिन तापत नव्हतं कारण त्याला तापू देणारी झडप त्यांनीच थंडीत काढून टाकली होती. टॅक्सीला त्यावाचून काही झालं नाही, कारण टॅक्सीत पेट्रोल वाढवणारा कॉम्प्युटर नव्हता. पाइपाला एकदा नीट हात लागला असता तर हे पहिल्याच दिवशी एका मिनिटात सापडलं असतं. हे त्यांनीच म्हटलं. मी म्हटलं नाही.

रंगाचा डबा त्यांनी जमिनीवर पालथा केला. पितळी झडपा घरंगळत गाळाभर झाल्या. वाकून, चष्मा सावरत, एकेक उचलून ते बघत होते आणि प्रत्येक गाडीचं नाव घेत होते. ही अमक्याची व्हॅन, ही त्या डॉक्टरची. माझी सापडली. धुऊन, एका टोकाला दोरा बांधून, उरलेल्या गरम पाण्यात सोडली. ती उघडते का ते बघायचं होतं. शिवाने टोप पुन्हा तापवून आणला होता. या वेळी धर्माजींनी त्याच्याकडून आधी फडकं मागून घेतलं.

झडप उघडली. बसवली. इंजिन सुरू करून आम्ही तिघं उभे राहिलो. मी पाइपावर हात ठेवून सांगायचं आणि धर्माजींनी आत बसून काट्याकडे बघायचं, असं ठरलं. बराच वेळ पाइप गारच. मग एकाएकी आतून काहीतरी धावून आल्यासारखा तो तापला आणि मी हात काढून घेतला. सांगायला तोंड उघडलं तर धर्माजी गाडीच्या आतून म्हणाले, आला. काटा मधोमध येऊन उभा राहिला होता.

गाडीचा प्रश्न असा सुटला. मी आनंद दाखवला नाही, तेवढी अक्कल होती. जाताना ते म्हणाले, गिरिजाला सांगू नका. मी सांगणार नाही, तुम्ही सांगा, असं मी म्हटलं. उद्या ती पोळ्यांना येईल तेव्हा तिला ठाऊक नसलं तर मात्र मला गप्प बसता येणार नाही. ते हसले. मग बोटांच्या फोडांकडे बघत म्हणाले, ‘सेन्सर नवा मिळतो, मॅडम.’

तिथून ते सरळ जितेशच्या दुकानात गेले. त्याचे दोन्ही सेन्सर काउंटरवर ठेवून काय बोलले ते मला गाडीतून ऐकू आलं नाही. जितेशने सेन्सर घेतले नाहीत, धर्माजींचा हात धरला आणि उलटा करून बघितला, एवढं दिसलं.

दुसऱ्या दिवशी गिरिजा आली ती कणकेच्या डब्याकडे न जाता ओट्याला टेकून उभी राहिली. त्यांनी सांगितलं होतं. ‘मला दिवाळीपासून ठाऊक होतं, काकू,’ ती म्हणाली. दिवाळीच्या आधी एक दिवस तवा चुलीवरून उतरवताना सांडशी सापडेना, तर ह्यांनी तो हातानेच उचलून खाली ठेवला आणि बोलत राहिले. तिने ते पाहिलं आणि तोंड मिटून घेतलं. का, असं मी विचारलं. थोडी चिडूनच विचारलं. ती म्हणाली, मी बोलले असते तर दुसऱ्या दिवशी त्यांनी गाळा बंद केला असता. गावाला चला, असं मीच तर पाच वर्षं म्हणत होते. पण ते असे जायला नको होते.

मग तिने कणीक काढली.

डॉक्टरकडे दोघं गेले. मीच गाडीतून नेलं, त्या उन्हात रिक्षाची वाट बघत कोण बसणार? डॉक्टर तरुण होता, बोलायला बरा. साखर ताब्यात आणता येईल, पाय वाचवता येतील, असं त्याने सांगितलं. हातातलं जे गेलं ते परत येईल का, हे धर्माजींनी विचारलं नाही. गिरिजाने विचारलं. तो नाही म्हणाला नाही, पण हो असंही म्हणाला नाही. घरी येताना सबवेच्या तोंडाशी ट्रॅफिक तुंबला होता. धर्माजींचं लक्ष माझ्या गाडीच्या काट्याकडे होतं.

पावसाळ्यापर्यंत गॅरेज चाललं. त्या काळात त्यांच्याकडे गाडी घेऊन जाणं जरा विचित्र झालं होतं, कारण गाडीवाल्याला स्वतःच पाइपाला हात लावून सांगावं लागायचं. काहींना ती थट्टा वाटायची. एक टेम्पोवाला म्हणाला, मिस्त्री, हात आमचा तर मजुरी कुणाची? धर्माजी त्यालाही हसले. ज्या ज्या नव्या गाड्यांतून त्यांनी झडपा काढल्या होत्या त्यांच्या मालकांना बोलावून त्यांनी त्या परत बसवून दिल्या. सगळे आले नाहीत. डबा थोडासा रिकामा झाला, एवढंच. गणपतीनंतर त्यांनी गाळा सोडला. तो जितेशने मालाच्या साठ्यासाठी घेतला आणि धर्माजींना काउंटरवर बसवलं. कुणी तुटका भाग घेऊन आलं तर तो कुठल्या गाडीचा आहे हे बघून सांगायचं काम. त्याला डोळे पुरतात. गावाला ते गेले नाहीत. गिरिजाने पुन्हा तो विषय काढला नाही.

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर वायपर बदलायला जितेशकडे गेले होते. शिवा चहा घेऊन आला. जितेशने ग्लास उचलला, मी उचलला. धर्माजींनी आधी आमच्या हातांकडे पाहिलं. आम्ही दोघांनी काठाला दोन बोटं लावून ग्लास धरला होता. मग त्यांनी आपला तसा धरला आणि आम्ही फुंकर घातली तेव्हा त्यांनीही घातली.